वाचणार कोण?

गेल्या महिन्यात माझ्या सुनेने मोबाइलवरून नागपूरच्या एका डॉक्टरला माझ्या बायकोचा रिपोर्ट पाठवला. तासाभराने उत्तर आले. तीन शब्द. ‘नॉर्मल नाही. या.’ सून सरळ स्वभावाची, तिने ते जसेच्या तसे मोठ्याने वाचून दाखवले. बायको कणीक मळत होती. तिने परात बाजूला सारली आणि भिंतीला टेकून बसली. मी त्या मोबाइलवर असा ओरडलो की शेजारचे लोक दारात आले. दुसऱ्या दिवशी नागपूरला गेलो तर कळले, रोज सकाळी एक बारीक गोळी घ्यायची, बाकी काही नाही. पण बायकोची ती एक रात्र कोणी भरून देणार नाही.

तेव्हा मला सौंसरचे डॉक्टर सोमकुवर आठवले. ते आठवले की मला राग येतो. पूर्वी एका कारणाने यायचा, आता दुसऱ्या कारणाने येतो.

ही ऐंशीनंतरच्या दोनचार वर्षांतली गोष्ट. मी पांढुर्ण्याचा. संत्र्याच्या पेट्यांना खिळे ठोकता ठोकता पेट्यांचा मालक झालो. कोणाच्या बापाचे घेतले नाही. झाडावर उभी बाग पाहून किती माल निघेल हे सांगायचो आणि भावात कोणाला ऐकायचो नाही. तोंड खराब होते, अजूनही आहे. आईला तेव्हा घास गिळताना अडकायचा. भाकर पाण्यात भिजवून खायची आणि म्हणायची, “दात गेले न माहे, म्हणून.” पांढुर्ण्यात दोन डॉक्टर करून झाले, गुण येईना. कोणीतरी म्हणाले, सौंसरले सोमकुवर डॉक्टर आहे, एकदा दाखवून पाहा.

दवाखाना म्हणजे बाजाराच्या वाटेवर दोन खोल्या आणि बाहेर एक पत्र्याचा मांडव. खेड्यांतून आलेली माणसे दाटीवाटीने बसलेली. मी कंपाउंडरशी नंबरावरून भांडण काढले. तो चिंधू नावाचा वाळका माणूस, मान खाली घालून ऐकत होता. आतून आवाज आला, “चिंधू, त्या भाऊंच्या आईले आत घे. त्यांचा नंबर नाही आला, पण ते ओरडून राहिले तर बाकीच्यांचं बीपी वाढून राहिलं.” सगळा मांडव हसला. तो माझा पहिला अपमान, मी तो मनात लिहून ठेवला.

आत ठेंगणा, जाड भिंगांचा माणूस बसला होता. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, पायात रबरी चप्पल, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला कायम निळी शाई. आईला त्यांनी निवांत तपासले. मग एक वही उघडली. नाव, वय, गाव, तक्रार. आणि मग असे काही विचारले की जे मला तोवर कोणत्याच डॉक्टरने विचारले नव्हते.

“तुमच्या घरी कागद वाचणार कोण?”

“मी.”

“कसे वाचता?”

“कसे म्हणजे? डोळ्यांनी!”

आई मध्येच म्हणाली, “भांडल्यासारखा वाचते जी तो.”

ते हसले आणि वहीत माझे नाव लिहिले. त्यांच्या वहीत प्रत्येक रोग्यापुढे असे एक नाव असायचे. कोणाचा पुतण्या, कोणाची चौथीतली नात, कोणाचा पोस्टमनच.

कारण असे होते. त्यांचे निम्मे रोगी वीस-पंचवीस मैलांवरचे. एका चकरेत मजुरी बुडायची, भाडे जायचे. म्हणून ते म्हणायचे, “दर वेळी येऊ नका, कारड टाका. मी कारडावर उत्तर देतो.” आणि खरेच द्यायचे. दुपारी दवाखाना ओसरला की टेबलावर पोस्टकार्डांचा गठ्ठा निघायचा. डॉक्टरांचे अक्षर कोणाला लागत नाही म्हणतात, यांचे अक्षर शाळेच्या फळ्यासारखे. मी एकदा बोललो तसे, तर म्हणाले, “औषधाची चिठ्ठी दुकानदारासाठी असते. कारड माणसासाठी असते.”

कार्डाची पहिली ओळ रोग्यासाठी नसायचीच. ती वाचणाऱ्यासाठी असायची. मला आलेल्या पहिल्या कार्डावर होते, ‘नामदेवराव, आई बसल्या की वाचा. मध्ये दोनदा थांबा, त्यांना काही म्हणायचे असेल.’ मी भडकलो. मला वाचायला शिकवतो हा! आई म्हणाली, “बरोबर तर लिहून राहिला तो. थांब न मधात.”

रोगाचे नाव ते कार्डावर कधी लिहायचे नाहीत. कार्ड उघडे असते, पोस्टमनपासून किराणा दुकानापर्यंत सगळे वाचतात. ‘आपण बोललो ती गोष्ट’ असे लिहायचे. आणि शेवटी एक प्रश्न, ज्याचा दुखण्याशी काही संबंध नाही. विहिरीवर मोटर बसली का? म्हैस व्याली का? मी विचारले, हे कशाला? म्हणाले, “त्याचं उत्तर द्यासाठी तरी माणूस कारड टाकते. मग दुखण्याचंही दोन ओळी लिहिते.” हे मला पटले. गिऱ्हाइकाला बोलते ठेवायचे असते, हा माझ्या धंद्यातलाच नियम.

कार्ड टाकण्याआधी ते चिंधूला वाचून दाखवायचे. नाव-गाव वगळून. चिंधू स्टुलावर डोळे मिटून बसायचा, जणू तोच रोगी. मी एकदा समोर होतो.

“काय वाटलं?” डॉक्टरांनी विचारले.

“ते ‘ताबडतोब’ आलं न साहेब, तिथं माहे डोळे उघडले.”

डॉक्टरांनी कार्ड फाडले आणि नव्यावर लिहिले, ‘बुधवारच्या आत या. सोबत कोणी असू द्या. मी वेळ काढून ठेवतो.’

“एका शब्दासाठी अख्खं कारड वाया?” मी म्हणालो.

“एका सडक्या संत्र्यासाठी तुम्ही अख्खी पेटी उघडता न?”

“उघडतो.”

“मंग?”

तोंड बंद करायची त्यांची ही रीत मला आवडायची नाही.

चिंधूने मला तिगावच्या एका घराची गोष्ट सांगितली होती. तिथल्या सुनेचे मूल पडले होते आणि आठव्या दिवशी सासूने तिला कापूस वेचायला धाडले. सून काही लिहिणार कशी, आणि तिला कार्ड आले तरी ते सासूच्याच हातात पडणार. हे कानावर आले तेव्हा डॉक्टरांनी सुनेला लिहिलेच नाही. सासूला लिहिले. ‘तुमच्या भरवशावर सुनेला घरी पाठवले आहे. तुमच्याइतकी काळजी दवाखान्यात कोणी घेणार नाही. सव्वा महिना तिला ओझे उचलू देऊ नका, हे तुम्हीच पाहू शकता.’ त्या बाईला जन्मात पहिल्यांदा कोणी तिच्या नावाने पत्र लिहिले होते. तिने ते अर्ध्या गावाला दाखवले, आणि मग सुनेला बाहेर धाडायची सोय राहिली नाही.

सावरगावच्या एका पाटलाची गोष्ट तर माझ्यासमोरची. जांब नदीपलीकडे त्याची बाग मी घ्यायचो. म्हातारा मोठा तऱ्हेवाईक. डॉक्टरांना कार्ड लिहायचा तर ना नमस्कार ना चमत्कार. ‘डॉक्टर, खोकला कमी नाही. काय ते लिहा.’ डॉक्टर बौद्ध, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हते. उत्तर यायचे त्यावर सगळ्यात वर ठळक अक्षरांत, ‘सप्रेम जयभीम’.

“हा मले जयभीम लिहिते बे, नामदेवा!” पाटील बागेत माझ्यापुढे तणतणला. “पोस्टमन वाचते, सारं गाव वाचते!”

“मंग नका लिहू त्याले.”

“काहून नको? माही झोप कशी आहे हे विचारते तो. पोरगा भोपाळले जाऊन बसला, त्यानं नाही विचारलं कधी.”

मी हे डॉक्टरांना सांगितले. “मुद्दाम लिहिता न?” ते म्हणाले, “मी सगळ्यांनाच लिहितो. पाटलालेच नाही लिहिलं तर तो भेदभाव होईल न!” आणि इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पाटलाने नमस्कार शेवटपर्यंत लिहिला नाही. डॉक्टरांचा जयभीमही शेवटपर्यंत थांबला नाही.

आता माझ्या भांडणाकडे येतो.

त्यांनीच आईला नागपूरला पाठवले. तिथे जे कळले ते मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितले गेले. अन्ननलिकेत होते, आणि कापण्याच्या पलीकडे गेले होते. आईला मी म्हणालो, “आतड्याला सूज आहे, गोळ्यांनी जाईल.” परतताना सौंसरला उतरलो. आईला चिंधूजवळ बसवून आत गेलो आणि डॉक्टरांना म्हणालो, आईला काहीही सांगायचे नाही. तिला कळले तर ती त्याच दिवशी मरेल.

त्यांनी समोरची वही मिटली. म्हणाले, “मी आपणहून नाही सांगणार.”

मी हात पुढे केला. आमच्या बाजारात सौदा ठरला की हात देतात, मग त्यावर कागद लागत नाही. त्यांनी हात दिला.

मग दर आठवड्याला कार्ड येऊ लागले. दुखत असेल तर काय घ्यायचे, पेज किती पातळ करायची, उशी किती उंच. मी वाचायचो आणि मला नको ते गाळायचो. ‘दुखणे वाढले तर लपवू नका’ हे गाळायचो. ‘मनात काही असेल तर मला विचारा’ हे तर हमखास गाळायचो. आईला कशाला विचारांत पाडायचे? ती ऐकायची, कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहायची आणि कनवटीला खोचायची.

दिवाळीनंतर एकाएकी तिचे वागणे बदलले. माझ्या बायकोला तिने लोणच्याच्या बरण्या दाखवल्या, कोणती आधी काढायची ते सांगितले. दोन लुगडी बहिणीला द्यायची म्हणून वेगळी ठेवली. ही बहीण तिगावला दिलेली, तिच्याशी दहा वर्षे अबोला होता. आई म्हणाली, “मले तिच्याकडे घेऊन चाल, नाम्या. उद्याच.” मी धंदा ओळखतो. दुकान आवरायला घेतलेला माणूस मला लांबून कळतो.

“तुले कोणी काही सांगितलं का?”

“मले कोण काय सांगते?” ती म्हणाली आणि दाराकडे पाहू लागली.

नागपूर सोडले तर ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. मी आणि तो. मी दुसऱ्या दिवशी पहिली मोटार धरून सौंसर गाठले. मांडव भरलेला होता. मी सरळ आत घुसलो.

“तुम्ही माझ्या आईला सांगितलं की नाही?”

डॉक्टरांनी एका म्हाताऱ्याच्या छातीवरची तपासायची नळी काढली. म्हणाले, “लिहिलं.”

बस, एवढेच. मग मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. हात देऊन उलटणारा माणूस. दोन कवडीचा शब्द. आणि रागाच्या भरात त्यांच्या जातीवरही गेलो. बाहेर सगळे ऐकत होते, चिंधूचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टर उभे राहून ऐकत होते. माझा दम संपला तेव्हा म्हणाले, “बसा. पाणी घ्या. आई काल जेवल्या का?”

मी पाणी न घेता निघालो. घरी येऊन आईला म्हणालो, “तो डॉक्टर पागल आहे. तुले काही नाही झालं.”

“हाव,” आई म्हणाली, “मलेही तसंच वाटलं.”

उन्हाळा लागायच्या आधी ती गेली. तेराव्याच्या आत सौंसरहून कार्ड आले. अक्षर पाहिले आणि न वाचता फाडले. त्यानंतर तीन वर्षे मी बाजारात, मोटारीत, बागेत, जिथे विषय निघेल तिथे सांगत राहिलो की सोमकुवर शब्दाचा पक्का नाही. माझे ऐकून काही घरांनी त्यांच्याकडे जाणे सोडले. याचा मला तेव्हा आनंद झाला होता. खोटे कशाला बोलू?

आमच्या समोरच्या घरात शेवंताबाई राहायच्या, मुलींच्या शाळेत मास्तरीण. एक दिवस त्यांच्या ओट्यावर कोणी डॉक्टरचे नाव घेतले आणि मी सुरू झालो. बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले.

“नामदेवभाऊ, बस करा आता. त्यांनी नाही सांगितलं तुमच्या आईले. तुमच्या आईनं विचारलं.”

“कशी विचारेल? तिला लिहिता कुठं येत होतं?”

“मी लिहून दिलं.”

मग त्यांनी सांगितले ते असे. माझी आई एक दिवस कार्ड घेऊन त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, “शेवंते, हे दोन्ही अंगांनी भरलं आहे, पण नाम्याचं वाचणं कढी उकळायच्या आत संपते. बाकीचं काय आहे ते तू वाच.” बाईंनी पुरते वाचले. मी गाळलेले सगळे आईने ऐकले. तेव्हापासून प्रत्येक कार्ड ती दोनदा ऐकत होती, एकदा माझे आणि एकदा खरे. मग तिने बाईंना बसवून डॉक्टरांना लिहायला लावले, बहीण अजून माझ्यावर रागावलेली आहे, मला खरे काय ते सांगा, आणि माझ्या कागदाला वाचणारी आता शेवंता.

उत्तर बंद लिफाफ्यात आले होते, बाईंच्या पत्त्यावर. तो लिफाफा त्यांनी पेटीतून काढून दिला. मी ओट्यावरच वाचला.

‘शेवंताबाई, आधी त्यांचा हात धरा. आई, तुम्ही विचारले म्हणून लिहितो. हे दुखणे बरे होणारे नाही. ते कमी दुखावे यासाठी जे माझ्या हातात आहे ते सगळे करीन, रात्री-बेरात्री बोलावले तरी येईन. उन्हाळ्याच्या पुढचे मी सांगू शकत नाही. ज्यांना भेटायचे त्यांना भेटून घ्या. मुलाला सांगायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचे. तुम्ही म्हणाल तेच मी करीन. बहिणीचा राग गेला का?’

“मग आई काय म्हणाली?” मी विचारले.

“म्हणाल्या, डॉक्टरले लिही, नाम्याले काही सांगू नका. त्याले खोटं बोलू द्या. तेवढ्यानं त्याले भाकर गोड लागते.”

मी सौद्यात अनेक माणसे पाहिली. हातात जिंकायचा शब्द असताना तो न बोलणारा एकही पाहिला नाही. त्या दिवशी भरल्या दवाखान्यात ‘तुमच्या आईनेच विचारले’ असे एक वाक्य ते बोलले असते तर मी तिथल्या तिथे आडवा झालो असतो. त्यांनी माझ्या शिव्या खाल्ल्या, जातीवरून ऐकून घेतले, पुढे तीन वर्षे रोगी गमावले, आणि बोलले नाहीत. मला राग येतो तो याचा. मला हरवायचा हक्क त्यांना होता आणि त्यांनी तो वापरला नाही.

मी गेलो. सौंसरच्या बसस्टँडवर उतरून चालत दवाखान्यात गेलो, मुकाट्याने नंबर लावला. ते पार थकलेले दिसले, केस पांढरे झाले होते. मला पाहून म्हणाले, “या, नामदेवराव. आज आवाज नाही आला, म्हणून ओळखलं नाही.”

तयार करून आणलेले सगळे बोलणे मी विसरलो. म्हणालो, “शेवंताबाईंनी सांगितलं.”

“हं.”

“तुम्ही काहून नाही बोलले तेव्हा?”

“त्यांची गोष्ट होती. माही कुठं होती?”

“तुमचं शेवटचं कारडही मी फाडलं.”

“मौतीचं कारड फाडायचंच असते. घरात ठेवत नाही ते.”

“वाचलं पण नाही जी.”

“मंग चांगलंच लिहिलं होतं असं समजा,” म्हणाले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. माफी मागायची राहूनच गेली. मागायला जागाच दिली नाही.

परतीच्या मोटारीत बसलो तर पाहतो, डॉक्टर छत्री घेऊन घाईघाईने स्टँडवर येताहेत. एवढे सगळे होऊन हा माणूस मला पोचवायला येतो! मी खिडकीतून हात काढला. ते माझ्या पुढच्या खिडकीशी थांबले. तिथे एक बाई मांडीवर गठुडे घेऊन बसली होती. ते तिच्यासाठी आले होते.

“हे राहिलं होतं,” ते तिला म्हणाले आणि लिहिलेला कागद दिला. “घरी गेल्यावर मुलीकडून वाचून घ्या.”

“पोरगी तर मामाकडे गेली जी,” बाई म्हणाली. “परवा येईल.”

ड्रायव्हरने इंजिन सुरू केले. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिले, मग तिच्या हातातला कागद घेऊन मागच्या खिडकीतून माझ्या हातात दिला. मी पुढे वाकून वाचू लागलो. तिच्या नवऱ्याच्या पायाचे होते, बोट काढावे लागणार होते, पाय वाचणार होता. आधी मी बोटाचे वाचले आणि ती वळून माझ्याकडे पाहू लागली. मी थांबलो. मग पायाचे वाचले. एकही शब्द गाळला नाही.

मोटार हलली तेव्हा ते छत्री मिटून तिथेच उभे होते. मी बरोबर वाचले ना, हे विचारायला मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. त्यांचे डोळे त्या बाईच्या तोंडावर होते. त्यानंतर मी त्यांना पाहिले नाही.